दोन एसएसडी जोडून २ टीबी करायचंय, एफडी मोडू की ईएमआय घेऊ?

ताई, तुमचं इंटिरियर डिझाईनचं काम, लॅपटॉपची ५१२ जीबीची एसएसडी (डेटा साठवायचा ड्राइव्ह) भरलीय, एक स्लॉट रिकामा आहे, आणि दुकानदार म्हणतो १ टीबीच्या दोन एसएसडी १८ हजारात टाका, जुनी काढू, रेड झिरो (दोन ड्राइव्ह जोडून एक करायची पद्धत) केलं की २ टीबीचा एकच ड्राइव्ह दिसेल. पैशासाठी एफडी मोडू की नो कॉस्ट ईएमआय, असं विचारलंत.

माझ्या मते दोन्ही नको, कारण ही खरेदीच चुकीची आहे. रेड झिरोत फाईलचे तुकडे होऊन दोन्ही एसएसडींवर जातात, म्हणजे एक गेली की दुसरी चांगली असूनही सगळा डेटा गेला. हिशोबापुरतं धरा की वर्षात एक बिघडायची शक्यता शंभरात एक, तर जोडल्यावर ती जवळपास शंभरात दोन झाली, म्हणजे पैसे देऊन रिस्क विकत घेतली. वॉरंटीत नवीन एसएसडी मिळते हो, पण क्लायंटची ड्रॉइंग्ज कोण देणार? आणि स्पीडचं म्हणाल तर रेंडरिंगचा वेळ मुख्यतः प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर जातो.

त्यापेक्षा जुनी तशीच राहू द्या, रिकाम्या स्लॉटमध्ये १ टीबीची एकच टाका. तो स्लॉट एनव्हीएमई आहे का साटा (हे एसएसडी जोडायचे दोन प्रकार) आणि किती लांबीची एसएसडी बसते ते आधी बघून घ्या. या जुन्या-नव्या दोघींचंही रेड झिरो करू नका, दोन्हींची लहान साईजच धरली जाते, उरलेली जागा वाया. सगळं एकाच ठिकाणी दिसायला हवं असेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून नवीन ड्राइव्ह एखाद्या रिकाम्या फोल्डरला जोडता येतो, डेटा वेगळाच राहतो. वाचलेल्या पैशात एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या आणि दर आठवड्याला बॅकअप, हे मात्र टाळू नका.

नो कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजाइतकी सूट मिळते पण त्या व्याजावरचा १८% जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते, एफडी मोडली तर व्याज कमी मिळतं. आता एसएसडीचा खर्च निम्म्यावर आलाय तर या महिन्याच्या पेमेंटमधून एसएसडी, पुढच्या महिन्यात हार्ड डिस्क, आणि तोवर चालू प्रोजेक्टची कॉपी पेन ड्राइव्हवर ठेवा. टॅक्स वाचेल म्हणून मोठी खरेदी करत असाल तर तुम्ही प्रिझम्प्टिव्हमध्ये (खर्चाचा हिशोब न देता ठराविक नफा धरून) रिटर्न भरता, तिथे निम्मी कमाई नफा धरलेली असते, या खर्चाची वेगळी वजावट मिळत नाही. बिल मात्र पक्कं घ्या, वॉरंटीला लागेल.