गॅरेज गप्पा: क्लिप-ऑन काढून साधं हँडल बसवायचंय

प्रश्न : दादा, मी घणसोलीला राहतो, पल्सर 220 आहे, रोज ठाणे-बेलापूर रोडनं जा-ये होते. क्लिप-ऑनमुळे, म्हणजे डावं-उजवं वेगळं असलेल्या दोन तुकड्यांच्या हँडलमुळे, मनगटं आणि खांदे भरून येतात, ट्रॅफिकमध्ये तर फारच. म्हणून साधं एकसंध हँडल बसवायचा विचार आहे. रबाळेला ओळखीचा फॅब्रिकेशनवाला आहे, तो म्हणतो अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप वाकवून देतो आणि वरच्या टीला (पुढचे दोन्ही शॉकअप वरून पकडणाऱ्या प्लेटला) दोन होल मारून क्लॅम्प बसवतो, एका दिवसात काम. चालेल का? बाकी फिटिंग मी स्वतः घरी करणार आहे.

उत्तर : फिटिंग स्वतः करणार म्हणताय ते वाचून खरंच बरं वाटलं, जरूर करा. पण त्या फॅब्रिकेशनवाल्याच्या दोन्ही गोष्टींना नाही म्हणा, पाईपलाही आणि होललाही.

आधी पाईपचं बघू. अर्धा इंची जीआय पाईपचा बाहेरचा व्यास 21.3 मिमी असतो आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या हँडलचा क्लॅम्प असतो 22 मिमीचा, म्हणजे नेमकं सांगायचं तर 7/8 इंच, 22.2 मिमी. हातात धरून हा फरक अजिबात कळत नाही, पण क्लॅम्पला तो बरोबर कळतो, दोन्ही अर्ध्या एकमेकांना टेकतात, बोल्ट फुल टाईट झालाय असं आपल्याला वाटतं आणि आत पाईप सैलच. मग कोणीतरी सांगतं पत्रा गुंडाळा. गुंडाळू नका! ब्रेक दाबल्यावर तुमच्या अंगाचं अर्धं वजन त्या पाईपच्या टोकांवर येतं, तेव्हा हँडल पुढे फिरलं की संपलंच. शिवाय हा पाण्याचा पाईप, मऊ लोखंडाचा, खड्ड्यांचे हादरे सोसायला बनलेलाच नाही, त्याला बाक दिला की बाहेरच्या बाजूला भिंत पातळ होते आणि त्यात आधाराचा रॉड वेल्ड केला तर पुढे क्रॅक जातो तो बहुतेक वेल्डच्या कडेलाच. (जीआयवर वेल्डिंग करताना जस्ताचा जो पांढरा धूर निघतो तो छातीत गेला की ताप भरतो, हे त्या माणसालाही सांगा.) हँडल रेडीमेडच घ्या, मोटरसायकलसाठी बनवलेलं.

आता टी. तुमची वरची टी ओतीव अ‍ॅल्युमिनियमची आहे. ती उलटी करून बघा, खालून पोकळ कप्पे आणि मधे बारीक बारीक फासळ्या दिसतील. होल नेमकं अशा फासळीच्या कडेला येतं, नट सपाट बसत नाही आणि सगळा जोर एका कोपऱ्यावर. कंपनीची जी टी मुळात हँडलसाठी असते तिला क्लॅम्पच्या जागी जाड भरीव बोंड ओतलेलं असतं, ते तुमच्या टीला नाहीये. मग दोनच मार्ग उरतात : क्लॅम्पवाली दुसऱ्या मॉडेलची टी मिळवायची, नाहीतर 6061 या ग्रेडच्या भरीव अ‍ॅल्युमिनियममधून मशीनवर काढून घ्यायची, रबाळे-महापे एमआयडीसीत अशी कामं करणारे भरपूर आहेत.

दुसऱ्या मॉडेलची टी "फिट बसते" असं कोणीही म्हणालं तरी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावल्याशिवाय पैसे देऊ नका. तुमच्या शॉकअपचा पाईप 37 मिमीचा, तेवढं होल हवं. दोन शॉकअपमधलं अंतर तेच हवं, मधल्या दांड्याचं (ज्यावर हँडल वळतं तो) होल तेच हवं. आणि सगळ्यात जास्त विसरलं जातं ते ऑफसेट, म्हणजे दोन्ही शॉकअपच्या केंद्रांना जोडणारी रेषा मधल्या दांड्याच्या केंद्रापासून किती पुढे आहे ते. वरच्या टीचा ऑफसेट खालच्यापेक्षा वेगळा असला तरी बोल्ट आवळताना ताण देऊन कशीतरी बसते, पण मग शॉकअप तिरके ओढले जातात, नीट दबत नाहीत आणि कोन सेट (हँडल वळतं ती बेअरिंग) लवकर जातो. चावीचं लॉक बसतंय का तेही त्याच वेळी बघा.

हे सगळं विकत घ्यायच्या आधी एक काम करा, यात मला सगळ्यात मजा येते. वायरिंगचा पीव्हीसी पाईप आणा, हँडलएवढा कापा, टीवर लाकडाचे ठोकळे ठेवून केबल टायने बांधा, गाडी डबल स्टँडवर लावून वर बसा, डोळे मिटून हात नैसर्गिक जिथे जातात तिथे सोडा. पाईप तिथे आणा. घरातल्या कोणालातरी बाजूने फोटो काढायला सांगा. मग हँडल फुल डावीकडे, फुल उजवीकडे. अंगठा टाकीत अडकतो का, लिव्हर फेअरिंगला (पुढच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला) घासते का, सगळं 50 रुपयांच्या पाईपवर कळतं. 220 ला फेअरिंग असल्यामुळे रुंद हँडल बऱ्याचदा इथेच बाद होतं.

वायरी : हँडल 25-30 मिमीच उचललं तर जुन्या क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर वायरी पुष्कळदा पुरतात, त्याहून वर गेलात तर लांब घ्याव्या लागतात. परीक्षा सोपी आहे, गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, आरपीएम जराही वाढला तर अ‍ॅक्सिलरेटर वायर ताणली जातेय. तशी गाडी रस्त्यावर काढायची नाही, यू-टर्न मारताना स्वतःहून रेस होईल.

ब्रेकचा पाईप मात्र पुढचं चाक उचलून, शॉकअप पूर्ण लांब झालेले असताना मोजा, नुसत्या उभ्या गाडीवर मोजलात तर स्पीडब्रेकरवरून उतरताना तो ताणला जाईल. पाईप बदलताना बँजो बोल्टचे (ब्रेकचा पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वायसर नवेच घाला, ब्रेक ऑइल त्याच्या डब्याच्या झाकणावर लिहिलेलंच आणि सीलबंद बाटलीतलं, पेंटवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. नीट एअर काढा, लिव्हर स्पंजसारखी दबत असेल तर अजून हवा आहे. हे आधी कधी केलं नसेल तर एवढं एक काम शेजारी चांगला मेकॅनिक उभा करून करा.

स्विचच्या वायरी कमी पडल्या तर त्याच रंगाचा तुकडा सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, जोड गाडीच्या मानेपाशी जिथे वायर सतत वाकते तिथे आणू नका. टेप गुंडाळलेला पीळ आपल्या पावसात टिकत नाही. क्लॅम्पचे एम-8 बोल्ट साधारण 20 ते 25 न्यूटन-मीटर, पण ज्या गाडीची टी आहे तिच्या मॅन्युअलमधला आकडा खरा. पहिली चक्कर सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर, परत आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

कायद्याचंही बघून ठेवा. परवानगी नसलेल्या बदलासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ(4) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे पैसे घालायच्या आधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्यांकडे विचारा, आणि जुनी टी आणि क्लिप-ऑन भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा.

प्रश्न : मी कळव्याची, उंची कमी आहे, 125 सीसी गाडी चालवते. हँडल लांब पडतं, हात ताठ राहतात. रायझर (हँडलखाली घालायचे उंचीचे ठोकळे) करून घेऊ का?

उत्तर : ताई, आधी फुकटचं करून बघा. क्लॅम्पचे चार बोल्ट सैल करा, हँडल थोडं स्वतःकडे फिरवा, मग लिव्हर अशा लावा की बोटं ठेवल्यावर मनगट सरळ राहील. एवढ्यानेच बऱ्याच जणांचं काम होतं. स्विचच्या डबीत आत एक छोटी पिन असते, ती हँडलच्या होलात बसते, म्हणून डबी वेगळी फिरवायला जाऊ नका, पिन तुटते. ब्रेक ऑइलचा डबा हँडलवर असेल तर तो फार तिरका होत नाही ना तेही बघा. नाहीच जमलं तर मागे खेचणारे रेडीमेड रायझर घ्या आणि वर सांगितलेली वायरींची परीक्षा करा.

प्रश्न : घोडबंदर रोडला घसरून पडलो, हँडल वाकलं. गरम करून सरळ करून मिळेल का?

उत्तर : नाही. नवीन घ्या, आणि बदलताना टीला क्रॅक गेलाय का आणि शॉकअप सरळ आहेत का तेही बघून घ्या.