मुलांना चित्रपुस्तक आधी द्यावं की त्यावरचा ॲनिमेशनपट आधी दाखवावा?

ताई, तुमचा प्रश्न असा की मुलगी पाच वर्षांची आहे, घरी मराठीच बोलता, आणि गाजलेल्या चित्रपुस्तकांवरचे ॲनिमेशनपट तिला आधी दाखवले तर पुस्तकातली गोडी जाईल का.

माझ्या मते पुस्तक आधी. आणि चित्रपट दाखवायचाच तर शक्यतो अर्ध्या तासाच्या आतला. दीड-पावणेदोन तासांचे सिनेमे खुशाल दाखवा, पण त्या पुस्तकाच्या बदली नाही. ती वेगळीच गोष्ट असते. मी चित्रकला शिकवते आणि शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना पुस्तकं वाचून दाखवते, मधूनमधून त्यांच्यावरचे छोटे चित्रपटही. हे मत तिथेच तयार झालंय.

सगळा घोळ लांबीचा असतो. चित्रपुस्तक साधारण ३२ पानांचं. सावकाश, चित्रं दाखवत वाचलं तरी दहा मिनिटांत संपतं. त्यातून थिएटरात चालेल असा सिनेमा काढायचा म्हणजे उरलेला सव्वा-दीड तास कुठून तरी आणावा लागतो. मग येतो खलनायक, येतात विनोदी मित्र, येतो पाठलाग.

फर्डिनंडचंच बघा. मन्रो लीफ यांनी लिहिलेलं आणि रॉबर्ट लॉसन यांनी चित्रं काढलेलं हे पुस्तक १९३६चं. स्पेनमधला एक बैल. बाकीची वासरं टकरा खेळतात, हा बुचाच्या झाडाखाली (ज्याच्या सालीपासून बाटल्यांची बुचं करतात, त्या) बसून फुलांचा वास घेतो. माणूस आणि बैल यांच्या झुंजीसाठी बैल निवडायला पाच माणसं येतात, नेमका तेव्हाच हा भुंग्यावर बसतो, भुंगा डसतो, बैल उधळतो, आणि त्या माणसांना वाटतं, असा जबरदस्त बैल दुसरा नाही! त्याला माद्रिदला नेतात. मैदानात उतरल्यावर बायकांच्या केसांतल्या फुलांचा वास येतो आणि हा मधोमध बसून राहतो. काही केल्या लढत नाही. शेवटी घरी आणून सोडतात. झाली गोष्ट.

चित्रं काळ्या-पांढऱ्या रेघांची आहेत, रंग नाहीत. आणि लॉसन यांनी एक खोडी केली आहे: त्या झाडाला चक्क बाटलीची बुचं लटकलेली दाखवलीत, द्राक्षांच्या घडांसारखी. आपल्याकडच्या मुलांना ते लगेच दिसतं. पिंपळगाव-दिंडोरीकडे मामाचा मळा असलेलं एक तरी पोर गटात असतंच, ते ओरडतं, "द्राक्षं!" मग जवळ येऊन बघतं, हसतं, आणि त्या पानावरून पुढे जाऊच देत नाही. झुंजीचं पान आलं की हमखास कुणीतरी विचारतं, बैलाला मारतात कशाला, पोळ्याला तर आपण त्याला ओवाळतो. तिथे मी वाचन थांबवते आणि मुलांना बोलू देते.

या एका पुस्तकावर दोन चित्रपट आहेत. पहिला डिस्नेचा, १९३८चा, आठेक मिनिटांचा, रंगीत. त्याला ऑस्कर मिळालं. गोष्ट जवळपास आहे तशी. दुसरा २०१७चा, ब्लू स्काय स्टुडिओचा, पावणेदोन तासांचा. त्यात बोलकी शेळी आहे, तीन साळिंदरांसारखे प्राणी आहेत, कत्तलखान्यातून मित्रांना सोडवणं आहे, माद्रिदच्या रस्त्यांवरून गाड्यांचा पाठलाग आहे. मुलांना तो आवडतो, मला त्याचं वावडं नाही. पण पुस्तकातला फर्डिनंड कुणालाही वाचवत नाही, काहीही पराक्रम करत नाही. तो फक्त बसतो, आणि तेवढं पुरतं. मोठ्या सिनेमाला हे परवडत नाही, तिथे नायकाला काहीतरी करून दाखवावंच लागतं. पाच वर्षांच्या मुलीला 'नाही लढायचं मला' असं म्हणून शांत बसणारा बैल आधी भेटावा असं मला अगदी मनापासून वाटतं. 'श्रेक'चंही तसंच. विल्यम स्टाइग यांचं १९९०चं छोटं पुस्तक आणि २००१चा सिनेमा यांत नाव, गाढव आणि राजकन्या सोडली तर फारसं साम्य उरत नाही.

पुस्तक आधी म्हणण्याचं दुसरं कारण पानांच्या रचनेत आहे. मॉरिस सेंडक यांचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' (१९६३) हातात घ्या. मॅक्स नावाचा मुलगा घरात दंगा करतो, आई त्याला उपाशी झोपायला पाठवते, खोलीत जंगल उगवतं आणि तो राक्षसांच्या बेटावर जातो. सुरुवातीचं चित्र लहानसं, भोवती भरपूर पांढरी जागा. पान उलटाल तसं चित्र मोठं होत जातं, जंगल वाढतं तसा पांढरा काठ आक्रसतो. धिंगाण्याच्या जागी सलग तीन वेळा दोन्ही पानं भरून फक्त चित्र, शब्द एकही नाही. परत येताना चित्र पुन्हा आवरतं. आणि शेवटच्या पानावर चित्रच नाही! नुसती ओळ, की जेवण अजून गरम होतं. जीन डाइच यांनी सत्तरच्या दशकात प्रागमध्ये यावर छोटा ॲनिमेशनपट केला, मूळ चित्रांना धरून, आणि तो चांगला आहे. पण पडद्याची चौकट पहिल्यापासून शेवटपर्यंत एवढीच राहते. काठ आक्रसण्याची ती गंमत पानावरच घेता येते. शिवाय पान कधी उलटायचं हे मुलाच्या हातात असतं. राक्षसांची भीती वाटली तर ते दोन पानं मागे जातं, धीर गोळा करतं, पुन्हा पुढे येतं.

एवढं सांगूनही एक चित्रपट मी प्रत्येकाला दाखवायला सांगते: 'द स्नोमॅन'. रेमंड ब्रिग्ज यांचं पुस्तक १९७८चं, पूर्ण शब्दविरहित, रंगीत पेन्सिलींनी काढलेलं. चित्रपट १९८२चा, ब्रिटनच्या चॅनल फोरसाठी केलेला, २६ मिनिटांचा, डायन जॅक्सन यांनी दिग्दर्शित केलेला. यातही गोष्ट चालू असताना संवाद नाहीत, हॉवर्ड ब्लेक यांचं संगीत आणि उडतानाचं एक गाणं. म्हणजे भाषेची अडचणच नाही. (ते गाणं म्हणणाऱ्या पीटर ऑटी या मुलाचं नाव मूळ श्रेयनामावलीत नव्हतं. पुढे दुसऱ्याच गायकाची ध्वनिमुद्रिका गाजल्यामुळे लोक आजही चुकीचं नाव घेतात. मला याचं फार वाईट वाटतं.)

तिच्याबरोबर बघाल तेव्हा एक गोष्ट नीट न्याहाळा. चित्रातला पृष्ठभाग सतत हलकासा थरथरतो. हाताने काढलेल्या चित्रपटात सेकंदाला बारा चित्रं धरली तरी २६ मिनिटांची अठरा हजारांच्या वर होतात. दोन चित्रांतले पेन्सिलीचे फराटे अगदी तंतोतंत जुळणं शक्य नाही, त्यामुळे रंग जिवंत असल्यासारखा हलतो. ब्रिग्ज यांचा पेन्सिलीचा पोत पडद्यावर यावा म्हणून एवढा खटाटोप केला. सपाट रंग भरले असते तर काम कितीतरी सोपं झालं असतं. रूपांतर चांगलं आहे का हे मी सगळ्यात आधी असं तपासते: मूळ चित्रकाराचा हात ओळखू येतो का?

भर मात्र यातही घातली आहे. पुस्तकात मुलगा आणि त्याने केलेला, रात्री जिवंत झालेला बर्फाचा माणूस समुद्रातल्या धक्क्यापर्यंत उडतात आणि परत येतात. चित्रपट त्यांना थेट उत्तर ध्रुवावर सांताक्लॉजकडे नेतो. मुलाला तिथे मफलर मिळतो आणि सकाळी तो खिशात सापडतो. उड्डाण इतकं सुंदर आहे की ध्रुवावर नेल्याबद्दल मी काही बोलणार नाही, पण तो मफलर मला खटकतो. पुस्तकाच्या शेवटी वितळलेला ढीग, त्यावर टोपी, आणि पाठमोरा मुलगा, एवढंच आहे. घडलं की स्वप्न होतं, हे वाचणाऱ्यावर सोडलंय. मफलर दाखवून चित्रपट उत्तर देऊन टाकतो. मुलीला रडू आलं तर येऊ द्या, बंद करू नका. बर्फ बघितलेला नसला तरी गारा हातात विरघळताना आपल्या मुलांनी बघितलेल्या असतात. त्यांना कळतं.

'द ग्रफेलो'ही चालेल, जंगलातल्या उंदराची आणि एका राक्षसाची गोष्ट. ज्युलिया डोनाल्डसन आणि ॲक्सेल शेफलर यांचं १९९९चं पुस्तक, २००९चा २७ मिनिटांचा चित्रपट. जंगल खरोखरच्या छोट्या प्रतिकृतींचं, प्राणी संगणकावरचे. वेळ भरून काढायला खारीची आई पिल्लांना गोष्ट सांगते अशी चौकट घातली आहे, आणि मला ती आवडते, कारण शेवटी कुणीतरी कुणाला तरी गोष्ट सांगतंय हेच त्यात राहतं. इंग्रजी यमकं मुलीला कळणार नाहीत. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा आवाज बंद करा आणि तुम्हीच मराठीत सांगा. उंदराचा, कोल्ह्याचा, सापाचा आवाज काढा. मी हे करते तेव्हा मुलं पडद्यापेक्षा माझ्याकडेच जास्त बघतात.

पुस्तकं महाग पडतात हे खरं. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर जगभरातल्या कितीतरी चित्रपुस्तकांची मराठी भाषांतरं मोफत आहेत, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरही मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात. जमलं तर रंगीत प्रिंट काढून बांधून घ्या, मोबाइलवर पान उलटण्यात मजा नाही. आणि परदेशी पुस्तकांच्या नादात माधुरी पुरंदरे यांची ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं राहू देऊ नका. त्यांच्या 'राधाचं घर'वर कुणीतरी त्यांच्याच रेषेत पंधरा मिनिटांचा चित्रपट करावा, अशी माझी फार इच्छा आहे.

सुट्टी लागली की एक करून बघा. मुलीला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात न्या आणि सांगा की दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, आणि त्यांनी १९१५च्या सुमारास आगकाड्यांची हालचाल एकेक चित्र टिपून दाखवणारा 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला होता. मग घरी आगकाड्या घ्या (टोकाचा गुल काढून टाका), स्टॉप मोशनचं एखादं मोफत ॲप घ्या, आणि फर्डिनंड करा: चार काड्यांचे पाय, दोन शिंगं, बाजूला जास्वंदीचं फूल. काडी जराशी सरकवायची, फोटो, पुन्हा सरकवायची. मोबाइल दोन उभ्या डब्यांवर पट्टी टाकून आडवा ठेवा, हातात धरला तर सगळं हलतं. आणि ट्यूबलाइटच्या उजेडात करा, खिडकीपाशी नको. ढग आला की मधले फोटो काळे येतात.