गोल्फचे अठरा होल तेच, मग दहाव्यावरून सुरू केलं की स्कोअर का सुधारतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिल्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा) सुरुवात केली की स्कोअर रडतखडत, दहाव्यावरून केली की तीन-चार फटके वाचतात. होल तेच, पार (प्रत्येक होलला अपेक्षित फटके) तेच, बेरीज तीच. मग हा निव्वळ योगायोग का?

थोडा योगायोग असेलही. पाच-सहा राउंडवरून काही सिद्ध होत नाही. पण सगळाच योगायोग नाही, आणि हे मी १९ हँडिकॅपचा (म्हणजे पारपेक्षा साधारण १९ फटके जास्त घेणारा) माणूस स्वतःच्या कार्डावरून सांगतोय.

मी खेळतो तिथे पहिला होल अरुंद पार-४ आहे, उजवीकडे पूर्ण लांबीभर आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे चेंडू तिथे गेला की दंड. अंग आखडलेलं, मागचा ग्रुप हाताची घडी घालून बघत उभा, आणि माझा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) नेमका उजवीकडे पळतो. पहिल्याच घासाला खडा. मग दुसऱ्या होलवर, तो पार-५ आहे, गेलेलं वसूल करायला मी रफमधून, म्हणजे वाढलेल्या गवतातून, थ्री-वूड ही लांब मारायची काठी काढतो. पुढचं सांगत नाही. एकदा एका स्पर्धेत शॉटगन स्टार्ट होता, म्हणजे सगळे ग्रुप एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुटतात. आम्हाला १४वा आला. त्यामुळे तो कुप्रसिद्ध पहिला होल माझ्यासाठी सहावा झाला. खांदे मोकळे, मागे कोणी नाही. आरामात पार, आणि दुसऱ्यावर वसुलीचा प्रश्नच नव्हता. कोर्स एका इंचानेही बदलला नव्हता.

मोठ्या मंडळींचंही वेगळं नाही. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल या कोर्सचंच बघा, जिथे मास्टर्स स्पर्धा होते. १९३४ साली तिथली पहिली स्पर्धा झाली तेव्हा दोन्ही नाइन (नऊ-नऊ होलचे भाग) आजच्या उलट होते. आजचा १०वा तेव्हा पहिला, आणि आज ज्याची सगळ्यांना धास्ती असते तो १५५ यार्डांचा १२वा होल तेव्हा तिसरा. पुढच्याच वर्षी क्रम फिरवला. कारण अगदी व्यवहारी होतं: तो भाग सखल आणि सावलीतला, गोठलेलं दव तिथे उशिरा वितळायचं, उंचावरचे नऊ आधी ठेवले की खेळ लवकर सुरू करता येई. पण या अदलाबदलीने स्पर्धेचा स्वभावच ठरला. रेज क्रीक नावाचा ओढा आता रविवारी दुपारी आघाडीवरच्या खेळाडूच्या वाटेत येतो.

२०१६ मध्ये जॉर्डन स्पीथ तिथे सहाव्यापासून नवव्यापर्यंत सलग चार बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) मारून पाच फटक्यांच्या आघाडीने दुसऱ्या नऊकडे वळला. १०व्यावर बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त), ११व्यावर बोगी, आणि १२व्यावर दोन चेंडू पाण्यात, पार-३ वर सात. तीन होलमध्ये सहा फटके गेले आणि विजेत्याचं हिरवं जॅकेट डॅनी विलेटने नेलं. माझं मत असं की त्या सातात १०व्या आणि ११व्याचाही वाटा आहे. तोच होल तिसरा असता, तर टीवर उभ्या माणसाकडे गमावण्यासारखं काहीच जमलेलं नसतं.

म्हणून कोर्स आखणारे लोक क्रमाचा विचार आधीपासून करतात. पहिला होल साधारण सौम्य ठेवतात आणि पार-३ सहसा टाळतात, कारण तिथे ग्रीन (भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ) रिकामं होईपर्यंत मागच्यांची रांग लागते. (रॉयल लिथम अँड सेंट ॲन्स हा ठळक अपवाद, ब्रिटिश ओपन तिथे झाली तरी सुरुवात पार-३ नेच.) सकाळी उगवत्या आणि संध्याकाळी मावळत्या सूर्याकडे तोंड करून खेळावं लागू नये, म्हणून पहिला होल पूर्वेकडे आणि शेवटचा पश्चिमेकडे नेत नाहीत. दोन लांब पार-४ झाले की मध्ये एखादा पार-३ येतो. पण हे काही शिलालेख नव्हेत. ज्या अ‍ॅलिस्टर मॅकेंझीने बॉबी जोन्सबरोबर ऑगस्टा आखलं, त्यानेच सायप्रस पॉइंटला पाचवा-सहावा सलग पार-५ आणि १५वा-१६वा सलग पार-३ ठेवला. जमीन तशी होती, त्याने तिच्याशी भांडण केलं नाही.

शेवटाचंही तसंच. अटलांटाच्या ईस्ट लेकवर टूर चॅम्पियनशिप बरीच वर्षं पार-३ वर संपायची. २०१६ पासून नाइन उलटे केले आणि शेवट पार-५ वर आला. पार-३ वर एक फटक्याने मागे असलेला माणूस फार तर बर्डीची आशा धरतो; पार-५ वर ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी) शक्य असतो, आणि पुढचा घाबरला तर त्याचे सहा-सातही होतात. फ्लोरिडातल्या सॉग्रास कोर्सचा तो बेटावरचा १७वा होलही चौथा असता तर गंमत म्हणून खेळला गेला असता, असं मला वाटतं.

वारा मात्र लोक विसरतात. समुद्राकाठचे जुने कोर्स बहुतेक नऊ होल लांब जाऊन नऊ होल परत येतात, उदाहरणार्थ ट्रून. जाताना वारा पाठीशी असेल तर परतीचे सगळे नऊ त्याच्याशी झुंजत. मुइरफील्डला बाहेरचे नऊ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि आतले नऊ उलटे फिरतात, त्यामुळे एकाच दिशेचा वारा फार वेळ अंगावर येत नाही. तुमच्याकडे दुपारी वारा वाढत असेल, तर दहाव्यावरून सुरू केल्यावर वाऱ्यात सापडणारे नऊ वेगळेच असतात. तेवढ्यानेही दोन फटके इकडचे तिकडे होतील.

आता तुमचं काय? पुढचे काही राउंड स्कोअर छापलेल्या क्रमाने नाही, खेळलेल्या क्रमाने उतरवा आणि प्रत्येक डबल बोगीच्या (पारपेक्षा दोन जास्त) पुढच्या होलवर काय झालं ते बघा. माझा अंदाज, तुमचे तीन-चार फटके पहिल्यावर नाही, दुसऱ्या-तिसऱ्यावर सांडतायत. तसं निघालं तर दरवेळी दहाव्याची टी मागत बसू नका, पहिल्यावर ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या. मी आता तिथे पाच नंबरच्या आयर्नने, म्हणजे जरा कमी लांब मारणाऱ्या काठीने, मारतो. बहुतेक वेळा बोगी होते, पण दुसऱ्या टीवर थ्री-वूडची आठवण होत नाही.