थंडीत तळ्यावर पहिल्यांदा गळ टाकताना

थंडीत तळ्यावर मासेमारी आणि बदकांची शिकार, दोन्ही शिकायची असतील, तर शिकार सध्या बाजूला ठेवा. परवाना, हंगामाचे नियम आणि उडता पक्षी नेमका ओळखणं, एवढं जमल्याशिवाय बंदुकीला हात नको. मासेमारीपासून सुरुवात करणं उत्तमच.

थंडीत माशाच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर उतरतं. तो सुस्तावतो, कमी खातो, आमिषामागे धावत नाही. म्हणून:

- पहाटेची घाई नको. दुपारी ऊन पाण्यात मुरलं की मासा हलतो.
- काठ सोडून खोल जागा शोधा. 4 अंशांचं पाणी सर्वांत जड, ते तळाशी बसतं. कडाक्याच्या थंडीत वरच्यापेक्षा तळच उबदार असतो.
- गळ लहान, दोरी बारीक, आमिष चिमूटभर.

नवखे हमखास दोन चुका करतात. मूठमूठ चारा फेकून माशांचं पोट भरतात, आणि फ्लोट (दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तुकडा) जरा हलला की जोरात हिसका देतात. थंडीतली ओढ अगदी हलकी असते. फ्लोट सरकू लागला की मनगटाने रॉड (गळाची काठी) अलगद उचला.

तळं गोठलेलं असेल, तर स्वच्छ, कडक बर्फ निदान 10 सेंटिमीटर जाड असल्याशिवाय पाऊल टाकू नका. एकट्याने तर नाहीच.

रॉड आणि रीळ (दोरी गुंडाळायची चकती) यांच्या प्रकारांबद्दल नंतर बोलू. आधी गरम कपडे आणि कोरड्या मोज्यांचा जादा जोड पिशवीत टाका.