हब तापतोय, पण आधी बिलाची तारीख बघा

मोहोळ तालुक्यातल्या एका वाचकाची जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप. पुण्याच्या गॅरेजमध्ये पुढचा ड्रम ब्रेकचा ॲक्सल काढून डिस्क ब्रेकचा दणकट ॲक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा) बसवला, 1,40,000 रुपये मोजले. आता सोलापूरहून तुळजापूरला पोचेपर्यंत पुढचे दोन्ही हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) हात लावू देत नाहीत. गॅरेजवाला म्हणतो, ग्रीस बदला. दावा होईल का? गॅस किट, सस्पेन्शन, इंजिन बदलून फसलेल्यांची अशीच पत्रं येतात.

दावा होईल. पण काम होऊन 22 महिने झालेत! ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. कारण नेमकं कधी घडलं, बिलाच्या दिवशी, हब पहिल्यांदा तापला तेव्हा, की गॅरेजने हात वर केले तेव्हा, यावर भांडता येतं. तुम्ही भांडू नका. बिलाची तारीख धरा. म्हणजे हातात दोनच महिने उरतात. व्हॉट्सॲपवर ‘बघू, घेऊन या’ येत राहिलं म्हणून मुदत पुढे सरकत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. सबळ कारण दिलं तर ग्राहक आयोग उशीर माफ करू शकतो, पण ‘गॅरेजवाला ओळखीचा होता’ हे सबळ ठरेल असं मला वाटत नाही.

त्यात तुम्ही हायवेवरच्या मिस्त्रीकडून डावा हब खोलून बेअरिंग बदललंत आणि जुनं तिथेच टाकून आलात. अहो, तोच तर पुरावा होता! उजव्या हबला आता कुणी पाना लावू नये.

दोन्ही बाजू सारख्याच तापतात, हे मात्र तुमच्या कामाचं आहे. बेअरिंगचा नट जास्त आवळला गेला तर बहुधा एकच बाजू जास्त तापते. दोन्ही तापल्या की संशय ब्रेकवर जातो. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) बहुधा एक वाल्व असतो, तो ऑइलच्या लाइनमध्ये सुमारे 10 पीएसआय (दाबाचं एकक) दाब धरून ठेवतो. ड्रमला तो चालतो, कारण तिथे ड्रमला घासणारे ब्रेक शू स्प्रिंग मागे ओढते. डिस्कला स्प्रिंग नसते, त्यामुळे ब्रेक पॅड डिस्कवर घासतच राहतात. पेडलच्या पुशरॉडला (मास्टर सिलिंडर दाबणारी दांडी) प्ले, म्हणजे थोडी मोकळी जागा, ठेवला नसेल तरी हेच होतं.

तपासणी सोपी आहे. गाडी चालवून गरम करा, पुढची चाकं जॅकवर घ्या, हाताने फिरवा. जड फिरत असतील तर कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ब्लीडर निपल, म्हणजे ऑइल सोडायचा स्क्रू, जपून सैल करा, ऑइल गरम असतं. ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकलेला होता. तरीही जडच राहिलं तर कॅलिपरची पिन किंवा बेअरिंग. इन्फ्रारेड थर्मामीटरने डिस्क आणि हब दोन्ही मोजा: डिस्क जास्त तापलेली असेल तर दोष ब्रेकचा, हब जास्त असेल तर बेअरिंगचा. हे सगळं स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून, फोटो आणि सहीच्या अहवालासह करून घ्या. त्याआधी गॅरेजला स्पीड पोस्टाने तारीख कळवा, हजर राहा म्हणून. नंतर ‘आमच्या पाठीमागे केलं’ म्हणायला जागा नको. तोवर त्या गाडीने तुळजापूरचा घाट उतरू नका. ब्रेक ऑइल उकळलं की पेडल तळाला जातं.

पुण्याला खेटे घालायची गरज नाही. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे सोलापुरात, तक्रार करता येते. मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने फी नाही. ऑनलाइनही दाखल होते. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लावा. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायद्यात छापलेलं आहे. छापलेलं आहे, एवढंच म्हणतो.

समोरचा वकील मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढेल: आरटीओला न विचारता गाडीत बदल केला. हा बदल त्या कलमात बसतो का, हे आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) बघूनच सांगता येईल. जीप भाड्याने देऊन धंदा करत असाल तर कायद्याच्या अर्थाने ‘ग्राहक’ आहात का, हाही प्रश्न येईल.

आणि बिल फक्त 90,000 चं आहे. उरलेले 50,000 ‘बिलाशिवाय स्वस्त पडेल’ म्हणून दिलेत ना? यूपीआयने दिले असतील तर बँकेचं स्टेटमेंट आजच काढा. रोख दिले असतील तर मागणी 90,000 वरच धरून चला.