सुनावणीला सोबत कोणाला न्यायचं?

ताई, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज नाकारला आणि त्यावर सुनावणी लागली म्हणून घाबरू नका. कचेरीबाहेर ‘हजार द्या, काम करून देतो’ म्हणणारा भेटेल, त्याच्या हातात मात्र कागद देऊ नका. माझ्या नणंदेचा मूळ उत्पन्नाचा दाखला अशाच एकाने नेला तो परत आलाच नाही. नव्या दाखल्यासाठी बिचारीने दोन महिने हेलपाटे घातले.

माणूस निवडताना आधी नकाराचं पत्र त्याच्यापुढे ठेवा. चांगला माणूस ते शेवटपर्यंत वाचतो, ओळीवर बोट ठेवून विचारतो, ‘वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या मर्यादेच्या वर दाखवलंय, हे कुठून आलं?’ विड्यांची मजुरी, पोराची कमाई, सगळं खोदून काढतो. न वाचताच ‘होऊन जाईल’ म्हणणारा नको. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी बायकांना तेलुगूतच मोकळं बोलता येतं. तेव्हा तेलुगू कळणारी व्यक्ती मिळाली तर फार बरं.

युनियनची कार्यकर्ती बोललेली चालेल का, हे कारकुनाला आधीच विचारा आणि तिच्या नावाचं अधिकारपत्र सही करून ठेवा. वकील हवा असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्याप्रमाणे मोफत मदतीसाठी बायकांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100.

सोबत कोणीही असो, तुम्ही स्वतः हजर राहाच. आणि झेरॉक्स सोबतच्या माणसाला द्या, मूळ कागद तुमच्याच पिशवीत.