व्यवसाय कर आणि कामाची हमी

प्रश्न : माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. हा कर मुळात रोजगार हमी योजनेसाठी लावण्यात आला, असे कार्यालयात समजले. ज्याचे पोट त्याने भरावे. नागरिकांच्या मूलभूत गरजा भागवणे हे शासनाचे काम आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्याला मिळालेली माहिती बरोबर आहे. १९७५ च्या कायद्याने महाराष्ट्रात लागू झालेल्या या कराचा पैसा हमीच्या कामांसाठी राखून ठेवण्यात आला आणि तेवढीच भर शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. आपण वर्षाला भरता ते २,५०० रुपये ही राज्यघटनेनेच घातलेली कमाल मर्यादा आहे.

ज्याचे पोट त्याने भरावे हे आपले म्हणणे मान्य केले, तरी हमीच्या कामावर येणारा मजूर नेमके तेच करू पाहत असतो. १९७२ च्या दुष्काळात शेते ओस पडली तेव्हा काम करायची तयारी नव्हती असे कोणी म्हणणार नाही. कामच उरले नव्हते, आणि म्हणून ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांची माती उपसायला दुष्काळी कामांवर आली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच तासगाव तालुक्यात कामाच्या हमीचा प्रयोग करून पाहिला होता. पुढे १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

दुष्काळी कामे शासनाच्या मर्जीवर निघत आणि मर्जीवरच बंद होत. कायद्याने मात्र ग्रामीण भागातील अंगमेहनत करू इच्छिणाऱ्या प्रौढाला काम मागण्याचा हक्क दिला, आणि मागणीनंतर १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देणे शासनावर बंधनकारक केले. माझ्या मते शासनाची जबाबदारी याच अर्थाने मोजावी. किती वाटले याचे आकडे जाहिरातीत शोभतात (आणि निवडणुकीच्या तोंडावर जरा अधिकच शोभतात), पण न मिळाल्यास जाब कोणाला विचारायचा, हे ठरलेले नसेल तर तिला हमी म्हणता येणार नाही.

या योजनेत भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रके भरली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याहून कमी बोलले जाते ते पोचपावतीबद्दल. मजुराने कामाचा अर्ज दिला आणि त्याला तारखेची पावती मिळाली नाही, तर १५ दिवस कधीपासून मोजायचे हेच सिद्ध करता येत नाही आणि भत्त्याचा हक्क कागदावरच राहतो. कर भरणारे म्हणून आपल्याला जाब विचारायचाच असेल, तर आपल्या तालुक्यात किती अर्जांना तारखेची पावती दिली गेली, हे माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारावे.